अहिरे साहेबांचे तीन ग्लास

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार, दुपारी अडीच ते पाच. ओझर सोडल्यावर नाशिकच्या बाजूला, हायवेलगत, स्वतःची बिअर स्वतः बनवून विकणारं एक हॉटेल आहे, तिथे. बिल करासह चार हजार एकशे साठ रुपये. ते तिघांत वाटलं, प्रत्येकी तेराशे सत्त्याऐंशी, आणि वर उरलेला एक रुपया ताटलीत ठेवला. हजर होते दत्तात्रय अहिरे, आमच्या कारखान्याचे निवृत्त इन्स्पेक्शन प्रमुख. शांताराम सोनवणे, मशीन शॉपचा फोरमन, गाडी त्याच्याकडे असल्यामुळे तो लिंबूसोड्यावर. आणि मी, कॉस्टिंगमधला देवरे, एक ग्लास. चौथा समीर कापडणीस. तो त्या हॉटेलात बिअर बनवायच्या कामावर होता, आणि अहिरे साहेबांच्या मुलीला, मृणालला, त्याच्याशी लग्न करायचं होतं.

हे आधीच लिहून टाकतो, कारण त्या दुपारबद्दल नंतर बरंच बोललं गेलं आणि दर वेळी ग्लासांचा आकडा वाढत गेला. समीरसमोर ठेवलेले ग्लास तीनच होते.

अहिरे साहेबांना मी सव्वीस वर्षं ओळखतो. सातपूरच्या ज्या कारखान्यात आम्ही होतो तिथे पंपांचे सुटे भाग बनत, आणि बनलेला प्रत्येक भाग त्यांच्या खोलीतून बाहेर पडे किंवा पडत नसे. अंगाने किरकोळ, केस मधोमध पाडलेले, शर्टाची बाही कोपरावर दोन घड्या, तिसरी नाही. आवाज कधी चढत नसे. भाग हातात घेऊन ते आधी डोळे मिटून त्याच्या कडेवरून अंगठा फिरवायचे, मग मोजमाप. अंगठ्याला जे कळलं तेच मोजमापात निघायचं. निघालं की भागाला लाल टॅग बांधून म्हणायचे, "परत." शिवी नाही, कारण नाही. कारण विचारलं तर म्हणायचे, "सांगून कळणार असतं तर केलंच नसतंत."

मूळ नामपूरचे. ऑफिसात बोलणं अगदी पुस्तकासारखं, पण माणूस पुरता मोडायचा असला की ते आपल्या गावच्या अहिराणीवर यायचे. "भाऊ, तुले काय समजस?" एवढंच, तेही हळू, प्रेमाने विचारल्यासारखं. मोठमोठे सप्लायर त्या प्रश्नाने घामेघूम झालेले मी पाहिले आहेत.

त्यांची एक पद्धत होती. नवा मुलगा इन्स्पेक्शनला आला की पहिल्या आठवड्यात ते एका चांगल्या भागाला मुद्दाम लाल टॅग बांधत आणि त्याच्यासमोर ठेवत. "मी बाद केलाय. का केलाय ते तू सांग." बहुतेक मुलं भाग उलटसुलट करून काहीतरी दोष शोधून काढत. साहेबांनी बाद केला म्हणजे असणारच. मग साहेब तो टॅग सोडवून त्या मुलाच्या खिशाला बांधत आणि शिफ्ट संपेपर्यंत काढू देत नसत. मुलगा तसाच कँटीनमध्ये जेवायचा.

एक भामरे नावाचा पोरगा होता, त्याने तीनदा मोजलं आणि सांगितलं, "सर, भाग चांगला आहे. टॅग चुकून लागलाय." सगळी खोली थांबली. साहेबांनी त्याच्या हातून भाग घेतला, स्वतः मोजला, "बरोबर" म्हणाले. आम्हाला वाटलं, निघाला एक. दुसऱ्या दिवशी भामरेची बदली भंगाराच्या यार्डात झाली. "तुला टॅगमधल्या चुका दिसतात ना? तिथे टॅग खूप आहेत." पोरगा तीन महिने उन्हात उभा राहिला आणि मग नोकरी सोडून गेला.

भोक तपासायचं आमचं एक हत्यार असतं, गेज म्हणतात. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. सोनवणे म्हणायचा, "साहेबांच्या गेजची दोन्ही टोकं न जाणारीच हायेत." हे तो साहेबांच्या तोंडावरही म्हणायचा. त्यालाच ती मुभा होती, आणि ती कशी मिळाली तेही सांगायला हवं, नाहीतर हिशेब एकाच बाजूचा होईल.

एकदा गुजरातच्या एका गिऱ्हाइकाकडे आमचे भाग तडकले. मालकांनी सोनवणेच्या मशीनवर बोट ठेवलं. त्याची मुलगी तेव्हा दोन महिन्यांची होती आणि नोकरी जाणार हे ठरलं होतं. अहिऱ्यांना फक्त कागदावर सही करायची होती. ते म्हणाले, मी पाहिल्याशिवाय सही करत नाही. रविवारी एकटेच कारखान्यात आले, त्या लॉटमधले उरलेले सगळे भाग कापून पाहिले, आणि सोमवारी मालकांच्या टेबलावर तुकडे मांडून दाखवलं की ओतकामच सदोष आलं होतं. मशीनचा संबंध नाही. ओतकामवाले मालकांचे मेहुणे होते. मालकांनी समजावलं, मग दमही दिला. अहिरे ऐकून घेऊन म्हणाले, "सही पाहिजे असेल तर तुकडे बदला." सोनवणे वाचला. रडत त्यांच्या पाया पडायला गेला तर साहेब म्हणाले, "तुझं काम चांगलं आहे असं नाही. फक्त ही चूक तुझी नाही."

म्हणून आम्ही त्यांना धरून होतो. कारखान्यात सही विकत न मिळणारा तो एकच माणूस होता. तो घरीही तसाच असणार हा हिशेब आम्ही केला नव्हता.

घर इंदिरानगरला, माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर. मालतीवहिनी वाढायच्या. साहेब पहिला घास घ्यायचे आणि थांबायचे. तेवढा वेळ वहिनी पोळीचा डबा हातात धरून उभ्या, मृणाल लहान होती तेव्हा तीही हात ताटात ठेवून थांबलेली. मग साहेब एकतर दुसरा घास घेत किंवा दोन बोटांनी ताट पुढे सरकवत. ताट सरकलं की वहिनी हसून म्हणायच्या, "आज जरा घाईच झाली हो." घाई झालेली नसायची. मी त्या भाज्या खाल्ल्या आहेत, चांगल्या असायच्या.

वहिनी सहा वर्षांपूर्वी गेल्या. तेराव्याला आचारी बोलावला होता. साहेबांनी आमटीचा घास घेतला, थांबले, ताट सरकवलं. म्हणाले, "हिची याहून बरी असायची." शेजारी बसलेल्या वहिनींच्या भावाचे डोळे भरून आले. तो म्हणाला, "दाजी, ताईला हे एकदा सांगायला हवं होतं." साहेब म्हणाले, "सांगण्याइतकी बरी नव्हती."

मृणालची स्थळं त्यांनी अशीच पाहिली. एकाने चहा बशीत ओतला. एकाने ओतला नाही, पण फुंकर मारली. एक मुलगा, चांगला इंजिनिअर, जेवायला काय आवडतं या प्रश्नावर "काहीही चालतं" म्हणाला. साहेब त्याच्या वडिलांना म्हणाले, "यांना काहीही चालतं, त्यात आमची मुलगीही चालेल, पण आम्हाला ते चालणार नाही." मृणाल पस्तिशीकडे झुकली. ती बँकेत अधिकारी, दोनदा प्रमोशन आलं, दोन्ही वेळा बदली होती म्हणून तिने नाकारलं. वडील एकटे राहतील. तिसऱ्यांदा विचारणा झाली होती ती तेवढी तिने लोंबकळत ठेवली होती.

समीर तिला बँकेतच भेटला होता. मूळ सटाण्याचा, वडील शिक्षक, हा सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी. म्हणजे जात, गाव, शिक्षण, साहेबांना बोट ठेवायला जागा नव्हती. जागा एकच, धंदा. साहेब स्वतः प्यायचे, ठरावीक, रविवारी. पण म्हणाले, "पिणं वेगळं. हा भट्टी लावतो." तरी मुलगी पहिल्यांदाच स्वतःहून काही मागत होती, तेव्हा म्हणाले, बघू. माल जिथे बनतो तिथे जाऊन बघू.

त्या शनिवारी त्यांच्या पुतण्याच्या घराची वास्तुशांत होती, नामपूरला. सोनवणेच्या गाडीतून आम्ही पहाटे निघालो. परत येताना वाटेत समीरकडे थांबायचं ठरलं होतं. आदल्या संध्याकाळी मृणाल माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही तिथे असाल ना? बाबांनी काही केलं तर थांबवू नका, ते कुणाला जमत नाही. फक्त काय झालं ते मला खरं सांगा." मी हो म्हटलं.

हॉटेल बरं होतं. काचेमागे माणसाच्या दुप्पट उंचीची स्टीलची पिंपं, पुढे झाडाखाली टेबलं, मुंबईहून आलेल्या गाड्या, पोरंसोरं. मेन्यूकार्डात मिसळीचं सारण घातलेले काहीतरी कुरकुरीत त्रिकोण होते, दर तीनशे दहा. मी तो आकडा सोनवणेला दाखवला. तो म्हणाला, "एवढ्यात आमच्या ओझरला सगळं घर मिसळ खातंय, वर पाव उरत्यात." मग काळ्या मसाल्याचं मटण, भाकरी आणि भाजलेले पापड मागवले. साहेबांनी पापड बोटांत उभा धरून पाहिला, तो मधोमध वाकला, त्यांनी तो खाली ठेवला. वेटरने दुसरा आणला. तोही वाकला. तिसरा वेटरने स्वतःच उभा धरून दाखवला आणि सोनवणे एवढा हसला की शेजारच्या टेबलावरचेही हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी तिसरा पापड घेतला.

समीर आला. सावळा, जरा जाडसर, पायात गमबूट, कारण कामावर होता. तिघांच्याही पाया पडला. त्याने आत नेऊन सगळं दाखवलं. सातू भिजवून, मोड आणून, भाजून येतो, इथे तो दळून गरम पाण्यात ठेवतात, मग उकळतात, मग थंड करून यीस्ट सोडतात आणि ती आपलं काम करत असताना कोणी मध्ये पडायचं नाही. साहेबांनी विचारायला सुरुवात केली. तापमान किती? किती अंश इकडेतिकडे चालतं? थर्मामीटर शेवटचा कधी तपासून घेतला? समीरने थर्मामीटर काढला, त्यावरची तपासणीची चिकटपट्टी दाखवली. साहेबांनी पट्टी वाचली. बाजूला चार पिंपं भरलेली होती, एक रिकामं. ते का रिकामं, विचारलं. समीर म्हणाला, "मागची बॅच ओतून दिली काका. पिणाऱ्याला कळलं नसतं, पण मला वास बरोबर वाटेना." किती लिटर? पाचशे. मालक काय म्हणाले? "बोलले खूप. पण मी ती नळाला लावू शकत नव्हतो."

साहेब म्हणाले, "बरं."

ज्यांनी त्यांच्या हाताखाली काम केलंय त्यांना या शब्दाची किंमत ठाऊक आहे. मला स्वतःला तो सव्वीस वर्षांत दोनदा मिळाला. सोनवणेने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. मी मनात लग्नाच्या तारखा बघू लागलो होतो, खरं सांगतो.

टेबलावर परत आलो. साहेबांनी तीन वेगवेगळ्या बिअर घेतल्या, सावकाश. एक गव्हाची, एक लालसर, एक काळी, कॉफीसारखी. ताटली, ग्लास काहीच सरकवलं नाही. समीर मालकांची परवानगी घेऊन आमच्यात येऊन बसला. बोलणं मटणावर आलं, सटाण्यावर आलं, त्याच्या वडिलांच्या शाळेवर आलं. मग साहेब उठले आणि म्हणाले, जरा काउंटरवर जाऊन येतो.

माझं तोंड काउंटरकडे होतं. साहेबांनी तिथल्या मुलीशी काही बोलून तीन लहान ग्लास भरून घेतले. तिने पहिल्या नळाखाली एक धरला, भरला, बाजूला ठेवला. दुसराही त्याच नळाखाली धरला. तिसराही. साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं, ती हसली. तिला वाटलं असेल, म्हातारबुवांची काही गंमत आहे.

ग्लास त्यांनी स्वतः ट्रेमधून आणले आणि समीरसमोर ओळीने ठेवले. "तीन आहेत. दोन एक, एक वेगळी. कुठली?"

समीर हसला. बिअर बनवणाऱ्यांत ही परीक्षा नेहमीची आहे म्हणे. त्याने पहिला ग्लास हुंगला, घोट घेतला. दुसरा हुंगला, घोट घेतला. तिसरा. मग परत पहिला. मग दुसरा खाली ठेवताना तो थांबला. त्याने साहेबांकडे पाहिलं. साहेब त्याच्याकडे शांतपणे पाहत होते, हात मांडीवर. समीरने माझ्याकडे पाहिलं, मग सोनवणेकडे. सोनवणे मन लावून हाड फोडत होता. शेजारच्या टेबलावरची माणसं खुर्च्या वळवून बसली होती. वेटर दोन आणि काउंटरवरची मुलगीही बघत होती.

समीर म्हणाला, "मधला वेगळा असावा."

"असावा की आहे?"

"आहे, काका."

साहेबांनी मधला ग्लास उचलला, पहिल्यात थोडा ओतला, तिसऱ्यात थोडा ओतला. "तिन्ही एका नळाच्या आहेत," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच, पण सगळीकडे जाईल असा. "स्वतःच्या हातचं ओळखता येत नाही, आणि माझी मुलगी सांभाळणार." मग जरा पुढे झुकून, प्रेमाने, "भाऊ, तुले काय समजस?"

शेजारच्या टेबलावर कोणीतरी हसलं. हसणाऱ्याला दोष नाही, त्याला ती गंमतच वाटली. समीरचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. तो उठला नाही. म्हणाला, "चुकलं काका." साहेबांनी बिल मागवलं.

गाडीपाशी तो निरोप द्यायला आला, पुन्हा तिघांच्या पाया पडला. साहेब पुढच्या सीटवर जाऊन बसले. मी डिकीत वास्तुशांतीच्या प्रसादाचे डबे नीट लावत होतो तेव्हा तो माझ्याजवळ येऊन हळू म्हणाला, "काका, तिन्ही एकच होत्या. मला पहिल्या फेरीतच कळलं होतं. पण त्यांनी दोन एक म्हटलं ना. तुम्हा सगळ्यांसमोर त्यांना खोटं कसं पाडू? मुलीचे वडील आहेत." मी त्याला म्हटलं, मला माहीत आहे, मी नळ पाहत होतो. तो म्हणाला, "मग मृणालला तेवढं सांगा."

आडगाव आलं तेव्हा मी साहेबांना म्हणालो की त्या मुलाला कळलं होतं.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा ग्लास ठेवताना हात थांबला त्याचा."

"मग?"

"मग काय? न कळणाऱ्याला शिकवता येतं, देवरे. कळून गप्प बसणाऱ्याचं काय करायचं?"

"आणि तो बोलला असता तर?"

ते बाहेर बघत होते. द्राक्षांच्या बागा मागे जात होत्या. "पहिल्याच भेटीत चारचौघांत सासऱ्याला खोटं पाडणारा जावई तुम्ही केला असता का?"

सोनवणे मोठ्याने हसला. हसता हसता त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि मग गप्प होऊन गाडी चालवू लागला.

दार मृणालने उघडलं. साहेब "नाही" एवढंच म्हणून हातपाय धुवायला गेले. ती माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आली. मी सांगितलं, काही न वगळता. थर्मामीटर, ओतून दिलेले पाचशे लिटर, "बरं", नळ, तीन ग्लास, शेजारचं हसणं. तिने मध्ये एकदाच विचारलं.

"त्याला कळलं होतं?"

"हो. मला गाडीपाशी त्यानेच सांगितलं. तुझ्या वडिलांचा मान राखला त्याने."

मला वाटलं होतं, एवढ्या एका गोष्टीवर मुलगा सुटेल. तिने मान हलवली आणि आत गेली.

पुढच्या रविवारी तिने मला चहाला बोलावलं. साहेब खुर्चीत पेपर वाचत होते. टीपॉयवर तिच्या बँकेचं पत्र होतं, ते तिने मला वाचायला दिलं. नागपूरला बदली, महिन्याने हजर व्हायचं. मी वाचत असताना ती वडिलांशी बोलू लागली. तिने आवाज चढवला नाही. त्यांचाच आवाज होता तो, फक्त बाईचा.

"बाबा, मी समीरला नकार सांगितला."

साहेबांनी पेपर खाली केला. "योग्य केलंस. माल कच्चा होता."

"कच्चा नव्हता. त्याला विचारलं मी, खरं का नाही बोललास. तो म्हणाला, तुझ्यासाठी. माझ्यासाठी तो आयुष्यभर तुमच्यापुढे गप्प बसला असता. आईही माझ्यासाठीच बसायची. या घरात आणखी एक माणूस ताट सरकायची वाट बघत उभं राहिलेलं मला बघायचं नाही."

"मग झालं तर."

"अर्धं झालं. तुम्ही दोघंही खोटं बोललात. तो भीतीने बोलला. तुम्ही गंमत म्हणून." तिने माझ्या हातातलं पत्र घेतलं आणि घडी घातली. "चौदा तारखेला जाते मी."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता अहिराणी येणार. ती आली नाही. ते म्हणाले, "नागपूरला ऊन फार असतं." तिने कप उचलले.

समीरबद्दल जे कळलं ते एवढंच. ती दुपार त्याच्या हॉटेलात रोजची चेष्टा होऊन बसली. गिऱ्हाइकं त्याला तीन ग्लास दाखवायची, वेटर मागून "असावा की आहे" विचारायचे. दोन महिन्यांत त्याने ती नोकरी सोडली आणि गोव्याकडे गेला. मृणालला त्याने परत फोन केला नाही, तिनेही नाही. मी एकदा तिला म्हणालो की पोरावर अन्याय झाला. ती म्हणाली, "हो काका, झाला."

चौदा तारखेला ती माझ्या घरी निरोप घ्यायला आली आणि स्टेशनवर याल का म्हणाली. मी गेलो. नाशिकरोडला गाडी संध्याकाळची होती. साहेब तिला रिक्षाने घेऊन आले होते. हमालही त्यांनीच केला. प्लॅटफॉर्मवर ते बॅगेची चाकं फिरवून पाहत होते, कड्या ओढून पाहत होते, डब्याचा नंबर दोनदा विचारून आले. ती पाण्याची बाटली घ्यायला गेली तेव्हा ते माझ्याशी बोलले.

"तुम्ही सांगितलंत तिला. त्याला कळलं होतं म्हणून."

"तिने विचारलं."

"विचारणारच. माझी आहे." त्यांच्या बोलण्यात अभिमान होता. मग तो ओसरला आणि ते रुळांकडे बघत म्हणाले, "आता ती कुणालाच पास करणार नाही, देवरे." सोनवणे असता तर काहीतरी बोलला असता.

गाडी आली. सामान चढलं. मृणाल दारात उभी राहिली, पर्स उघडली आणि विचारलं, "रिक्षाचे किती झाले?"

"असू दे."

"किती?"

"दोनशे ऐंशी."

"हमाल?"

"शंभर."

"परत जायचेही दोनशे ऐंशी धरा." तिने नोटा मोजल्या आणि खाली वाकून पुढे केल्या. साहेबांचे हात बाजूला होते. ते म्हणाले, "बाप आहे मी तुझा." ती म्हणाली, "म्हणूनच. तुमचं काही अंगावर ठेवायचं नाहीये मला."

शिट्टी झाली. तिचा हात तसाच पुढे होता. गाडी हलली तसे साहेब दोन पावलं बरोबर चालले आणि त्यांनी नोटा घेतल्या. ती आत गेली. डबे पुढे गेले, शेवटचा डबा गेला. साहेब तिथेच उभे होते. त्यांनी पाचशेची नोट वेगळी केली, दिव्यासमोर धरली, आतली तार पाहिली, उलटी करून पुन्हा पाहिली. "बरोबर आहे," ते म्हणाले, आणि खिशात ठेवली. त्यानंतर मी त्यांच्याकडे गेलेलो नाही.

एकूण सहाशे साठ रुपये. मृणालने दिले, तिच्या वडिलांना.